खाली कापलेली पत्रं

१

बाळांनो, थोडा वेळ असं समजा, की तुमच्या मांडीवर एक पत्र्याची पेटी आहे. कडांना गंज चढलेला, झाकण कुरकुरणारं. आत लाल फडक्यात बांधलेलं बोचकं. तुम्ही ते उचलता. वजन नेहमीइतकंच. फडकंही तेच. तुम्ही ते सोडता आणि आतून भलतीच वस्तू निघते. तुम्हाला कळू नये म्हणून कोणीतरी तितक्याच आकाराची, तितक्याच वजनाची वस्तू शोधून तिथं ठेवलेली असते.

अशा वेळी राग येतोच. पण रागाच्या आधी किळस येते. भाजी निवडताना बोटाला अळी लागावी, तशी.

बालाघाटच्या आम्रपालीला त्या रविवारी सकाळी अगदी तशीच किळस आली. ती बारा वर्षांची. फडक्यातून निघाली एक दोनशे पानी वही, पुठ्ठा फाडलेली. आत कोणाची तरी अर्धवट सोडवलेली गणितं. डायरी गेली होती.

डायरी होती तिच्या आजीच्या वडिलांची, म्हणजे सुखरामची. दुसऱ्या महायुद्धात तो राजेगावहून फौजेत गेला. ब्रह्मदेशाच्या सीमेवर रस्ते बांधणाऱ्या पलटणीत होता. तो परत आला नाही, त्याची पेटी आली. आजीच्या आईनं घरी आलेली त्याची पत्रंही तिच्यात ठेवली आणि पेटी माळ्यावर चढवली, ती कायमचीच. यंदा दिवाळीआधी राजेगावच्या घराच्या छपराची कवेलू बदलताना ती रवीकाकाला सापडली. रवी हा आजीचा धाकटा मुलगा. गावी राहून शेती बघायचा आणि बाजाराच्या दिवशी बालाघाटला यायचा. त्यानंच पेटी मोटारसायकलवर बांधून बालाघाटला आणून दिली.

आजी, शांताबाई, कधी शाळेत गेली नव्हती. दर रविवारी सकाळच्या उन्हात खाट टाकायची, आणि आम्रपाली डायरीतला एकेक महिना तिला वाचून दाखवायची. आजीनं बापाला पाहिलंच नव्हतं. १९४३च्या पावसाळ्यात सुखराम पंधरा दिवस सुटीवर आला, परत गेला, आणि पुढच्या वैशाखात शांता जन्मली. गावच्या गुरुजींनी त्याला तसं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी पेटी आली.

"बाकीचं राहू दे पोरी," आजी दर रविवारी म्हणायची. "मी झाल्याचं मह्या बापाले समजलं होतं का, एवढंच सांग मले."

मागच्या रविवारी मार्च १९४४ संपला होता. आज एप्रिल आणि मे वाचायचे होते.

"काहून थांबली?" आजी म्हणाली. "वाच नं."

 आम्रपालीनं वही परत फडक्यात ठेवली, आणि तेव्हा तिला एक गोष्ट आठवली. मघाशी फडकं सोडताना तिची बोटं अडली होती.

आजी कुठल्याच बोचक्याला गाठ मारत नसे. धानाच्या पेंढ्या बांधतात तसं ती बांधायची. दोन्ही टोकं एकमेकांत पिळायची आणि पीळ खाली खोसून द्यायचा. उलटा फिरवला की झटक्यात सुटतो. आज आम्रपालीनं नेहमीसारखा उलटा फिरवला, तर तो सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला होता.

म्हणजे पीळ दुसऱ्या बाजूनं दिलेला होता. म्हणजे डाव्या हातानं.

२

पेटीपर्यंत पोचलेली बाहेरची माणसं दोनच.

एक, शेजारचे पुनाराम आबाजी. चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले. पत्रांवरचे शिक्के पाहायला ते रोज यायचे.

"मी चोर?" आम्रपालीनं विचारल्यावर ते हसले. "अगं, तुझ्या बापाच्या नोकरीचा कागद म्या आणला. तुझ्या मायच्या लग्नाच्या पत्रिका म्या वाटल्या. चोरायचंच असतं तं चाळीस वर्षं काय झोपलो होतो?"

"आबाजी, हे बोचकं बांधून दाखवा."

त्यांनी उजव्या हातानं सुतळीला मारतात तशी दुहेरी गाठ मारली. टपालाच्या थैलीची गाठ. ती सोडवायला आम्रपालीला दात लावावे लागले.

दुसरी दीप्तीताई. गोंदियाच्या कॉलेजात शिकायची आणि जुन्या सैनिकांच्या पत्रांवर काहीतरी लिहीत होती. नोव्हेंबरात ती दोनदा आली होती आणि मागच्या आठवड्यात उभ्याउभ्या एकदा डोकावून गेली होती. निरोप मिळताच दुपारच्या बसनं आली आणि वहीत टिपणं घेऊ लागली. डाव्या हातानं!

 आम्रपालीनं बोचकं पुढं केलं. "ताई, हे बांधा ना."

दीप्तीनं बुटाच्या नाडीसारखी दोन कानांची गाठ मारली.

"तसं नाही. पेंढीसारखं."

"पेंढीसारखं म्हणजे?" दीप्तीनं विचारलं. तिचे वडील रेल्वेत होते आणि ती क्वार्टरमध्ये वाढली होती. धानाचं शेत तिनं खिडकीतूनच पाहिलेलं.

आजी खाटेवरून हे बघत होती. "ह्या पोरीनं नाई नेली," ती म्हणाली. "हिले तं फडकं धरताच येत नाई."

दीप्ती जरा लाजली. मग एकदम तिला काहीतरी आठवलं आणि तिनं फोन काढला. "आजी, परवा मला हे आमंत्रण आलं. वारासिवनी रोडवर ती नवी शाळा झाली ना, खेमराजजींची? तिथं सव्वीस जानेवारीला युद्ध-दालन उघडतंय. त्यांच्या आजोबांच्या नावानं."

आमंत्रणावर एका डायरीचं चित्र होतं. काळा पुठ्ठा, खालचा कोपरा जळलेला.

तो कोपरा आम्रपालीनं दोन महिने दर रविवारी बोटाखाली धरला होता.

३

खेमराज म्हणजे राजेगावच्या मालगुजारांच्या, जुन्या जमीनदारांच्या घरचे. त्यांचे आजोबा मोतीलाल सुखरामच्याच पलटणीत होते आणि लढाईहून सुखरूप परत आले. आपले आजोबा रणांगणावर डायरी लिहायचे, हे खेमराज गेली कितीतरी वर्षं प्रत्येक भाषणात सांगत आले होते. दाखवली मात्र कधीच नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्रपाली, आजी आणि पुनाराम आबाजी तिकडं गेले. दालनात रंगाचा वास होता. भिंतीवर मोतीलालचा मोठा फोटो, खाली झेंडूची माळ. मधोमध काचेच्या पेटीत डायरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोतीलालची घरी आलेली सहा पत्रं.

खेमराजांनी हात जोडले. "या, माताजी, या! बसा. अरे, चहा आणा."

चहा आला. तिथल्या दोन शिक्षकांना चिनी मातीच्या कपात. या तिघांना कागदी पेल्यात. आजीनं पेला हातात घेतला, त्याच्याकडं पाहिलं आणि न पिता जमिनीवर ठेवला.  आम्रपालीनंही आपला पेला त्याच्या शेजारी ठेवला.

"ती डायरी मह्या बापाची हाय," आजी म्हणाली.

"समजू शकतो," खेमराज अगदी गोड आवाजात म्हणाले. "जुन्या वस्तू एकसारख्या दिसतात. पण तुम्हीच देखो ना. ही आमच्या आजोबांची पत्रं. आमच्या घरात ऐंशी वर्षं ठेवलेली. आणि ही डायरी. अक्षर मिळवून बघा. ए गुड्डी, तुला वाचता येतं ना? बघ बरं."

आम्रपालीनं काचेला नाक लावलं. 'क'ची ती लांब शेपटी. 'श'चं ते उभं पोट. शंकाच नव्हती. पत्रं आणि डायरी एकाच हातानं लिहिलेली होती.

"मग?" खेमराज हसले. "तुमच्या वडलांनी माझ्या आजीला पत्रं लिहिली होती काय?"

दोघे शिक्षकही हसले. तो हशा आम्रपालीच्या अंगाला घाणेरड्या पाण्यासारखा चिकटला. आजी उठली. पुनाराम आबाजींनी तिचा हात धरला.

आम्रपाली मात्र हलली नाही. तिचं अक्षरांकडचं लक्ष आता कागदाकडं गेलं होतं. सहाही पत्रं 'कळावे' या शब्दाशी संपत होती आणि त्याच्या खाली लगेच कागदच संपत होता.

"यांच्या खालचं काय झालं?"

"उधई," खेमराज म्हणाले. "उधईनं खाल्लं."

४

बाळांनो, इथं जरा थांबा आणि आम्रपालीसारखा विचार करा. उधई, म्हणजे वाळवी, कागद कसा खाते? नदीचा काठ खचावा तसा, वेडावाकडा. ती पत्रं मात्र पट्टी ठेवून कापल्यासारखी सरळ होती. दुसरं असं, की जुना कागद कडांनी आधी तपकिरी होतो, कारण हवा तिथं लागते. त्या पत्रांच्या तीन कडा चहात बुडवल्यासारख्या होत्या. खालची कड पांढरी होती. ऐंशी वर्षांपूर्वी कापलेली कड पांढरी राहील का?

परतताना तिनं हे पुनाराम आबाजींना सांगितलं. ते रस्त्यातच थांबले.

"सहाही पत्रं खालूनच कापलेली?"

"हो. 'कळावे'च्या खाली."

"म्हणजे लिहिणाराचा नमस्कार कापला," आबाजी म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचा. मजकूर याचा, हात त्याचा. आणि मजकूर संपला की हात चालवणारा शेवटी आपली ओळ घालायचा. अमक्याचं पत्र लिहिणार तमका, त्याचा सर्वांना नमस्कार. ती त्याची मजुरी समजा. पैसे कोणी घेत नसे, पण ही ओळ कोणी सोडत नसे. "म्या अशी हजारो पत्रं वाचून दाखवली. घरचे त्यालेही उलटा नमस्कार लिहून पाठवत."

घरी दीप्तीताई थांबलेलीच होती. नोव्हेंबरात तिनं डायरीची चाळीसएक पानांची छायाचित्रं काढली होती, जानेवारी १९४४पर्यंतची. पुढची काढायची राहिली होती. तिघांची डोकी फोनवर वाकली, आणि डिसेंबर १९४३मध्ये ते पान सापडलं. आम्रपालीनं आजीसाठी मोठ्यानं वाचलं:

"आज सात जणांची पत्रे लिहिली. मोतीलालला विचारले, बायकोला काय लिहू, तर लाजून तंबूबाहेर गेला. शेवटी मीच सुचेल ते लिहिले. खाली नेहमीप्रमाणे लिहिणार सुखरामचा जयभीम घातला. मोतीलाल म्हणाला, घरचे रागावतील. मी म्हणालो, मग दुसरा लिहिणारा बघ. म्हणाला, दुसरा कोण आहे? दोघेही हसलो."

आजीही हसली. मग पदरानं डोळे पुसले. "लय खट्याळ होता म्हणा, महा बाप."

आम्रपालीला मात्र हसू येईना. मोतीलालच्या घरी ती पत्रं ऐंशी वर्षं जयभीमसकट सांभाळली गेली होती. स्वतः मोतीलालनं त्यातलं एक अक्षर खोडलं नव्हतं. ज्यानं त्याला बायकोशी दोन शब्द बोलू दिले, त्याचं नाव आता त्याच्याच नातवानं पट्टी ठेवून कापलं होतं, आणि वर झेंडूची माळ घातली होती.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. रवीकाका नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला होता. आईला तो 'बाई' म्हणायचा.

"आणलं बाई तुमच्यासाठी! चिन्नोर हाय, शिजला का गल्लीभर वास जाते." त्यानं सगळ्यांना दाखवायला पोत्याचं तोंड उघडलं, मूठभर तांदूळ आजीच्या हातावर ठेवला आणि पोतं पुन्हा बंद केलं. तोंडाची दोन टोकं पिळली, पीळ खाली खोसला.

पेंढीसारखा. डाव्या हातानं.

आम्रपालीनं त्या पोत्यातला भात त्या संध्याकाळी खाल्ला नाही.

५

रवीकाका बाहेरच्या खोलीत मुक्कामाला होता; आजीला तिनं झोपण्यापूर्वी सगळं सांगितलं. आजी भिंतीकडं तोंड करून पडली. मग म्हणाली, "सकाळी त्याले सोबत घे. काही सांगू नको."

सकाळी ते पाचही जण दालनात पोचले, तेव्हा खेमराज शिक्षकांना खुर्च्या कुठं मांडायच्या ते दाखवत होते. रवीकाका दारातच थांबला आणि बूट न्याहाळू लागला.

"सर," आम्रपाली म्हणाली.  "तुम्ही काल म्हणाले, पत्रं आणि डायरी एकाच हातची. ते खरं आहे. पण तो हात मोतीलालजींचा, हे कशावरून?"

"त्यांची पत्रं—"

"त्यांची पत्रं त्यांनी लिहिली नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हतं. पत्रांची खालची कड पाहा, आणि बाकीच्या तीन पाहा. ही नुकतीच कापली आहे. उधई पट्टी घेऊन येत नाही."

एका शिक्षकानं वाकून पाहिलं आणि तो मागं सरला. दीप्तीनं फोनवरचं पान त्याच्या हातात दिलं. त्यानं ते मनात वाचलं. मग दुसऱ्यानं वाचलं. काल हसलेले ते दोघे आता खेमराजांकडं बघेनात.

"हे सव्वीस तारखेला सगळ्यांसमोर वाचू, का आत्ता काच उघडता?" पुनाराम आबाजींनी विचारलं.

खेमराजांच्या चेहऱ्यावरचा गोडवा पुसला गेला नाही, नासलेल्या दुधासारखा फक्त फाटला. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"घेऊन जा. पण चोर मला नका म्हणू. तुमच्याच घरच्यानं हातानं आणून दिली. शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून ठेव म्हणाला, मी ठेवतो म्हणालो. बाकी सगळं त्यालाच विचारा."

आजीनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं डायरी पदरात घेतली आणि लेकाच्या बाजूनं, त्याला न शिवता, बाहेर पडली.

६

घरी आल्यावर आम्रपालीनं डायरी उघडली. डिसेंबरचं सुखरामच्या नावाचं पान फाडलेलं होतं. एप्रिलची पानं होती. सव्वीस एप्रिलनंतर पाच पानांच्या जागी फक्त बोटभर कडा शिवणीत उभ्या होत्या. पांढऱ्या. पुढचं पान जूनचं.

रवीकाका ओट्यावर बसला होता. घाबरला की त्याला तंबाखू-सुपारीचा खर्रा लागायचा. त्यानं प्लॅस्टिकच्या पन्नीतला खर्रा चोळला, गालात भरला आणि ओट्याच्या कडेला लाल पिचकारी टाकली.

"ते पानं कुठं हाय?" आजीनं विचारलं.

"शेकोटीत घातले." तो तोंड वर करून बोलत होता, गालातलं सांडू नये म्हणून. "खेमराज म्हणे, जिथं जिथं घरच्यांचं नाव हाय तेवढं काढून टाक. कागदच तं होते बाई. कोण वाचून राह्यलं होतं? माळ्यावर सडलेच असते. नोकरी लागली असती तं तुमच्याच कामी आली असती."

 चोरी समजू शकते, हाव समजू शकते. पण बापाचा एक शब्द ऐकायला जी बाई ऐंशी वर्षं थांबली, तिचाच मुलगा थंडीत हात शेकायला तो शब्द वापरतो, आणि वर म्हणतो कागदच तर होते. आम्रपालीला वाटलं, या माणसानं आपल्या ओट्यावरून उठावं आणि परत कधी दिसू नये.

आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरा विचार आला. कोणत्या पानांवर घरच्यांची नावं आहेत, हे ठरवायला ती पानं आधी वाचावी लागली असणार. रवीकाका मराठी चौथीपर्यंत शिकला होता. त्या पाच पानांत काय होतं, हे जगात आता एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो समोर बसून थुंकत होता.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही ती वाचली होती."

त्यानं खर्र्याची रिकामी पन्नी मुठीत चुरगाळली.

"पणजोबांना कळलं होतं का?"

रवीकाकानं पहिल्यांदा आईकडं पाहिलं. त्याची नजर टिकली नाही. "हौ," तो म्हणाला. "समजलं होतं त्याले. पाचही पानं त्याच गोष्टीचे तं होते. गुरुजीचं पत्र भेटलं, पोरगी झाली, असं—" त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला. तो त्यानं मनगटानं पुसला. "पुढं बी लय होतं. सांगतो."

आजीनं खाटेची कड घट्ट धरली होती. 

"थांबा," आम्रपाली म्हणाली.

ती आत गेली आणि पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आली. तिनं तो काकाच्या हातात दिला नाही. त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"आधी तोंड धुऊन या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. आईकडं पाहिलं. मग तांब्या उचलून मोरीवर गेला. चुळा भरल्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो परत आला तेव्हा आम्रपालीनं आजीच्या खाटेसमोर चटई टाकली होती. ती त्याच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून बसली, कोऱ्या वहीवर सत्तावीस एप्रिल १९४४ ही तारीख घातली, आणि त्याच्या तोंडाकडं न बघता म्हणाली,

"आता सांगा. एकही शब्द आपल्या मनचा नको."